जयक्काच्या मशीनचं कुलूप

मी नोकरीत नेमकं काय करते हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. कोणी विचारलं की त्या सांगत, "सून युनिव्हर्सिटीत वायरी बघते." सुरुवातीला मला राग यायचा. पुढे वाटायला लागलं, खुद्द विद्यापीठाला तरी याहून बरं कुठं सांगता येत होतं? माझ्या ओळखपत्रावर दोन वर्षं 'सिस्टिम मॅनेजर'च्या जागी 'सिस्टर मॅनेजर' छापलेलं होतं. मी दुरुस्तीचा अर्ज केला. नवं कार्ड आलं, त्यात हुद्दा बरोबर होता आणि फोटो दुसऱ्याच कुणाचा तरी होता. निवृत्त होईपर्यंत मी तेच गळ्यात घातलं. विद्यापीठाच्या संगणकांची सुरक्षा माझ्याकडे होती. गेटवर मला कोणीही अडवलं नाही.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "नोकरीबद्दल लिहा, पण कंटाळवाणं नको." ही अडचण आहे. माझी नोकरी कंटाळवाणी होती आणि ती तशीच राहावी यासाठीच मला पगार मिळत होता. ज्या दिवशी माझ्या कामात काही रंजक घडायचं, त्या दिवशी कुलसचिवांच्या केबिनमध्ये सात माणसं उभी असायची.

आमचं घराणं कन्नड मुलखातल्या या चामराजपेटेत किती पिढ्यांपासून आहे हे आता कोणालाच ठाऊक नाही. मराठी घरात आणि कन्नड उंबऱ्याबाहेर, अशी आमची वाटणी. तीही पक्की नाही. तेव्हा लिहिण्यात एखादा कन्नड शब्द आला तर तो पाहुणा समजू नका.

तर काम असं. विद्यापीठातल्या सगळ्या इमारती जमिनीखालून जाणाऱ्या तारांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. ग्रंथालय, वसतिगृहं, प्रयोगशाळा, परीक्षा विभाग, सगळं. या तारा मधेच तुटू नयेत, त्यांच्यावरून नको त्यानं नको तिथं जाऊ नये, आणि कोण कधी कुठं गेलं याची नोंद राहावी, एवढं पाहायचं. या नोंदीला आम्ही लॉग म्हणतो. शाळेच्या गेटवरचा वॉचमन वहीत वेळ लिहितो ना, तसंच. फक्त हा वॉचमन झोपत नाही आणि त्याला कुणाची भीड नसते.

तारा कोण तोडतं? रस्ता खणणारे तोडतात, झाडांची मुळं तोडतात, पण सगळ्यात जास्त घुशी तोडतात. एकदा दिल्लीहून तपासणी समिती आली होती. तिच्या अध्यक्षांनी मला विचारलं, मागच्या आठवड्यात दोन दिवस नेटवर्क बंद का होतं? माझं हिंदी मराठीच्या जोरावर चालतं. मी सांगितलं, "सर, घूस के कारण."

अध्यक्षांनी फाइल मिटली. दार लोटून घ्यायला सांगितलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "कितनी?"

मी दोन्ही हातांनी दाखवलं. "इतनी, सर. पूंछ अलग."

हिंदीत लाचेला घूस म्हणतात हे मला कुलसचिवांनी समिती गेल्यावर समजावलं. त्यांचा आवाज फार थकलेला होता.

पण मला सांगायचं आहे ते जयक्काबद्दल.

जयक्का परीक्षा विभागाची अधीक्षक. खरं नाव जयलक्ष्मी. ती माझ्याहून दीड वर्षानं लहान, पण अक्का हा हुद्दा वयावर मिळत नसतो. ती टायपिस्ट म्हणून लागली तेव्हा विभागात संगणक नव्हते. ते आल्यावर तिला शिकवायला मला पाठवलं. पहिल्या दिवशी तिनं माऊसला हळद-कुंकू लावलं होतं. पंधरा दिवसांत ती माझ्यापेक्षा वेगानं काम करायला लागली. तेव्हापासून आम्ही दुपारी एकत्र जेवायचो. तिचा डबा मोठा असायचा आणि माझी तक्रार नसायची.

परीक्षा विभागातलं मशीन म्हणजे विद्यापीठाची तिजोरी. विद्यार्थ्यांचे गुण त्यात. एकदा चढवलेले गुण फेरतपासणीत बदलले तर ते दुरुस्त करायचा अधिकार मोजक्याच माणसांना, त्यातली एक जयक्का. म्हणून त्या मशीनला मी कडक नियम लावले होते. पासवर्ड बारा अक्षरांचा, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. आणि पाच मिनिटं मशीनला कोणी हात लावला नाही की पडदा आपोआप बंद, पुन्हा पासवर्ड टाकल्याशिवाय उघडायचा नाही. यालाच आम्ही कुलूप म्हणायचो.

एका निकालाच्या मोसमात जयक्का माझ्या खोलीत आली. तिच्या बोटांचे सांधे तेव्हा दुखायला लागले होते. कागदावरचे गुण तपासायचे, खुणा करायच्या, तोवर पडदा बंद. बारा अक्षरं, शिफ्ट दाबून चिन्ह, एक बोट चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

"सुमा," ती म्हणाली, "मी निकालाचं काम करते की कुलपाचं, ते एकदा सांग. पगार त्याप्रमाणे घेते."

मी म्हटलं, "आठ दिवस कुलूप काढून ठेवते. निकाल लागला की परत लावीन."

"सरी," ती म्हणाली, म्हणजे ठीक, आणि गेली. मी माझ्या टेबलावरूनच तिच्या मशीनचं कुलूप काढलं. परत लावायची आठवण म्हणून एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं. लोकांनी पासवर्ड चिठ्ठीवर लिहू नये म्हणून मी दरवर्षी व्याख्यान द्यायची. चिठ्ठी हरवते, हा त्यातला दुसरा मुद्दा होता.

माझी चिठ्ठी हरवली. कुलूप निघालेलंच राहिलं. निकाल लागला, सुट्ट्या झाल्या, पुढची परीक्षा झाली, तिचाही निकाल लागला.

त्यानंतर महिन्याभरानं पर्यावरण विषयाचे प्राध्यापक नंजुंडय्या कुलसचिवांकडे आले. हा विषय सगळ्या शाखांना सक्तीचा. सगळे त्यात पास होतात, फक्त नंजुंडय्या सरांकडे होत नाहीत. आपण कोणाला नापास केलं हे ते स्वतःच्या वहीत लिहून ठेवत. त्यांनी ती वही टेबलावर ठेवली.

"या मुलाला मी एकोणीस दिले," ते म्हणाले. "काल तो मला कॅन्टीनमध्ये भेटला आणि त्यानं मला थँक यू म्हटलं. माझ्या नोकरीत असं कधी झालेलं नाही. म्हणून निकाल बघितला. एकेचाळीस."

मला बोलावणं आलं. वही आणि मशीन ताडून पाहिलं. एक नाही, सहा मुलं निघाली. सहाही एकाच विषयात नापास, सहाही पास झालेली. लॉग काढला. एका मंगळवारी दुपारी एक वाजून बावीस मिनिटांपासून एक चौतीसपर्यंत, जयक्काच्या नावानं, जयक्काच्या मशीनवरून. बारा मिनिटांत सहा बदल.

मी तसं कागदावर लिहून दिलं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

सोमवारी सकाळी कुलसचिवांच्या केबिनमध्ये बैठक झाली. जयक्का खुर्चीच्या कडेवर बसली होती, पदर घट्ट धरून. तिला विचारलं, त्या वेळी तुम्ही कुठं होता? ती म्हणाली, मंगळवारी मधल्या सुट्टीत मी गेटजवळच्या आंजनेयाच्या देवळात जाते, सगळ्यांना माहीत आहे. देवळातल्या पुजाऱ्याला विचारून झालं होतं. तो म्हणाला, अक्का दर मंगळवारी येतात, पण कुठला मंगळवार ते मी कसं सांगू? परीक्षा विभागातले कॅमेरे पंधरा दिवसांनी जुनं चित्रण पुसतात. तेही गेलं होतं.

कुलसचिव माझ्याकडे वळले. "मॅडम, त्या देवळात असताना दुसरं कोणी त्यांच्या मशीनवर बसू शकतं का?"

"पाच मिनिटांत मशीन आपोआप बंद होतं, सर," मी म्हटलं. "मग पासवर्ड लागतो."

हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या समित्यांपुढे म्हटलं होतं की ते माझ्या तोंडून आपलं आपण बाहेर पडायचं.

"म्हणजे एक तर यांनी स्वतः केलं, नाहीतर पासवर्ड कुणाला दिला."

"नियमाप्रमाणे तसंच होतं, सर."

जयक्कानं माझ्याकडे पाहिलं. काही बोलेल असं वाटलं. बोलली नाही. मला वाटलं, तिला धक्का बसलाय. तिला तिथंच निलंबनाचा कागद दिला. चौकशी समिती गुरुवारी बसणार होती आणि तिथं दोष सिद्ध झाला तर पोलिसांत तक्रार होणार होती. तिची नोकरी अडीच वर्षं उरली होती.

बाहेर जिन्यात तिनं मला थांबवलं. "सुमा, तुझं मशीन खोटं बोलतं का?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि कठड्याला धरून जिना उतरली.

मी खोलीत आले. समितीला दाखवायला म्हणून तिच्या मशीनच्या कुलपाची सेटिंग छापून घ्यावी असा विचार केला. सेटिंग उघडली. कुलूप काढलेलं होतं. कोणी काढलं, कधी काढलं, तेही खाली लिहिलेलं होतं. माझंच नाव. सात महिने झाले होते.

म्हणजे जयक्का देवळात गेली, मशीन उघडंच होतं, आणि कोणीही येऊन बसू शकत होतं. आणि मी तासाभरापूर्वीच सगळ्यांसमोर सांगून आले होते की तसं होऊ शकत नाही.

त्याच पावली परत जाऊन हे सांगायला हवं होतं. केबिन चाळीस पावलांवर होती. मी गेले नाही. मी स्वतःला सांगितलं, आधी खरा माणूस शोधू, तो सापडला की आपोआप सगळं सुटेल, मग कुलपाचा विषय निघायचं कारणच नाही. माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. मी सेटिंग पुन्हा चालू केली. त्याचीही नोंद झाली.

शोध घेण्यात मात्र मी हुशार होते. त्या सहा मुलांची नावं समोर घेतली. शाखा वेगळ्या, वर्षं वेगळी, वसतिगृहं वेगळी. मग एक काम केलं जे मी एरवी कोणाला करू दिलं नसतं. फोन खिशात असला की तो वाटेतल्या प्रत्येक वायफायच्या डब्याला ओळख देत जातो, आणि डबा ते लिहून ठेवतो. कोण कुठं फिरतं ते पाहण्यासाठी या नोंदी नसतात. बिघाड शोधण्यासाठी असतात. मी सहा जणांच्या नोंदी काढल्या. सहाही फोन रोज सकाळी सहा वाजता एकाच डब्यापाशी. क्रीडांगणाच्या कोपऱ्यातल्या.

मंगळवारी सकाळी मी तिथं गेले. जाळं लावलेलं होतं. सहा मुलं व्हॉलीबॉल खेळत होती. सगळी माझ्यापेक्षा दीड हात उंच. जाळ्याच्या बाजूला गळ्यात शिट्टी घालून क्रीडा संचालक बसवराज सर उभे होते. त्यांनी मला हात केला. "या मॅडम! वायफाय बघायला आलात? इथं स्वल्प वीक आहे."

"तेच बघते," मी म्हटलं.

बसवराज सरांना सगळे ओळखायचे. दुपारी परीक्षा विभागातल्या फिल्टरचं पाणी भरायला यायचे, कुणाची खुर्ची मोडली तर नीट करून द्यायचे. गुण बदलले त्या मंगळवारच्या नोंदीत मी त्यांचा फोन पाहिला. एक वाजून अठरा मिनिटं ते एक सदतीस, परीक्षा विभागाच्या दारावरचा डबा.

माणूस सापडला होता. पण यानं काय सिद्ध होतं? ते पाणी भरायला आले होते एवढंच. मशीनला पाच मिनिटांत कुलूप लागत असेल तर ते दोन तास तिथं उभे राहिले तरी गुण बदलू शकत नव्हते. कुलूप नव्हतं, हे सांगितल्याशिवाय बसवराज सरांचं नावसुद्धा घेता येत नव्हतं. हे मला मंगळवारी दुपारीच कळलं होतं. तरी मी बुधवारचा दिवसही काढला.

बुधवारी समितीवरचे बाहेरचे तज्ज्ञ तपासणीला आले. मिलिंद त्यांचं नाव, वय चाळिशीच्या आत, मूळचे पुण्याचे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डच्या एका कंपनीत सुरक्षेचं काम. दहाला यायचे ते साडेबाराला पोचले आणि पहिला अर्धा तास वाटेतल्या ट्रॅफिकबद्दल बोलले. मी मराठी बोलते हे कळल्यावर त्यांना फार आनंद झाला.

"मॅडम, तुमचं मराठी किती वेगळं आहे! ॲक्च्युअली क्यूट आहे."

"जुनं आहे," मी म्हटलं. "जपून वापरते."

माणूस कामात पक्का होता. तासाभरात त्यांनी कुलपाची नोंद शोधली. खोलीत माझे दोन सहकारी होते, कुलसचिवांचे स्वीय सहायक होते. मिलिंद पडद्याकडे बघतच, आवाज न बदलता मराठीत बोलू लागले.

"मॅडम, हे ऑटो-लॉक तुम्ही बंद केलेलं दिसतंय."

"हो."

"आणि सोमवारी परत ऑन केलंत. बैठकीनंतर."

"हो."

"रिटायरमेंटला किती राहिलंय?"

"चौदा महिने."

ते थोडा वेळ माऊस फिरवत राहिले. "बघा, रिपोर्ट मी लिहिणार आहे. माझा स्कोप आहे, बदल कुठल्या आयडीवरून झाले. ते क्लिअर आहे. हे लॉकचं मी मेन्शन नाही केलं तरी चालेल. असे छोटे एक्सेप्शन्स सगळीकडे असतात हो. त्या बाईंना काय, एखादी वॉर्निंग मिळेल."

स्वीय सहायकांनी कौतुकानं विचारलं, काय म्हणताहेत सर? मी कन्नडात सांगितलं, पुण्याच्या हवेबद्दल बोलताहेत.

मिलिंद वाईट नव्हते. आपल्या गावच्या भाषेतली एक वयस्क बाई अडचणीत दिसली, तिला हात द्यावा एवढंच त्यांच्या मनात होतं. मी त्यांना "बघते" म्हटलं. "नको" म्हटलं नाही. हेही इथं लिहून ठेवायला हवं.

त्या संध्याकाळी मी चामराजपेटेची बस न घेता जयक्काच्या घराकडची घेतली. दार तिच्या नवऱ्यानं उघडलं. जयक्का स्वयंपाकघरात फरशीवर बसून चिंच निवडत होती. एवढी चिंच त्या घराला दोन वर्षं पुरली असती.

"कॉफी घेणार?" तिनं विचारलं.

"नको. जयक्का, तुझ्या मशीनचं कुलूप निघालेलंच होतं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी रोज बसते ना त्याच्यावर."

"मग सोमवारी बोलली का नाहीस?"

तिनं एक चिंचोका बाजूला ठेवला. "तू ते माझ्यासाठी काढलं होतंस. माझी बोटं दुखत होती म्हणून. ते मी त्या माणसांपुढे कसं सांगू? मला वाटलं, तू सांगशील. तू बोलायला तोंड उघडलंस तेव्हा वाटलं, आता सांगते. तू भलतंच सांगितलंस. मग म्हटलं, तिला आठवलं नसेल, आठवलं की सांगेल." तिनं पुढचा चिंचोका काढला. "कधी आठवलं?"

"सोमवारीच," मी म्हटलं. "तासाभरात."

तिचा नवरा बाहेर टीव्ही पाहत होता, त्यानं आवाज कमी केला. जयक्कानं मला जा म्हटलं नाही आणि बसही म्हटलं नाही. मी उठले.

गुरुवारी अकरा वाजता समिती बसली. मिलिंद त्या दिवशी वेळेवर आले होते. पहाटेच निघालो म्हणाले. मी बोलायची परवानगी मागितली आणि सगळं सांगितलं. कुलूप मी काढलं, लावायला विसरले, सोमवारी चुकीचं सांगितलं, ते चुकीचं होतं हे मला सोमवारीच कळलं, आणि आज गुरुवार आहे. मग त्या बारा मिनिटांतल्या वायफायची नोंद पुढे ठेवली. मिलिंद आपल्या कागदांकडे बघत राहिले.

कुलसचिवांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, या विद्यापीठात सुरक्षा तरी कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे, सर."

बसवराज सरांना बोलावलं. मला वाटलं होतं, नाकबूल करतील. ते ट्रॅकसूटमध्येच आले, उभे राहिले आणि पहिल्याच प्रश्नाला हो म्हणाले.

"आंतरविद्यापीठ स्पर्धा होती, सर. नापास मुलाचं नाव देता येत नाही. बारा वर्षांनी असा संघ जमला होता. सहाच्या सहा मुलं एकाच पेपरात गेली. ओझोनचा थर विचारला होता." ते नंजुंडय्या सरांकडे वळले. "माझा सेटर डोळे मिटून चेंडू उचलतो. त्याला ओझोनचं काय करायचंय?"

"उन्हात खेळायचं असेल तर थर लागतो," नंजुंडय्या म्हणाले.

"जयलक्ष्मी मॅडमना निलंबित केलं हे तुम्हाला माहीत होतं?" कुलसचिवांनी विचारलं.

"सोमवारी कळलं, सर. तेव्हापासून मी धड जेवलेलो नाही."

"मग आलात का नाही?"

बसवराज सरांनी मान खाली घातली. "रोज निघत होतो, सर. दारापर्यंत येत होतो."

ते खरं होतं. कुलसचिवांच्या दाराजवळच्या डब्यात त्यांचा फोन सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी, तिन्ही दिवस दिसत होता. मी ते आधीच पाहिलं होतं. समितीला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

बैठक संपल्यावर व्हरांड्यात बसवराज सर आणि मी एकाच वेळी बाहेर पडलो. मला त्यांच्यावर चिडायचं होतं. मी म्हटलं, "सर, तुमच्यामुळे एक बाई तुरुंगात गेली असती."

"हो, मॅडम," ते म्हणाले. "तीन दिवस मी गप्प होतो. तुम्हीही होतात." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. गुण सांगावेत तसं त्यांनी सांगितलं.

बसवराज सरांना सक्तीनं निवृत्त केलं. सहाही मुलं पर्यावरणाच्या पेपराला पुन्हा बसली. चार पास झाली. सेटर पुन्हा नापास झाला. नंजुंडय्या सरांनी पुन्हा ओझोन विचारला होता. माझ्या सेवापुस्तकात ताकीद नोंदवली गेली आणि विभागप्रमुखपद काढून घेतलं. उरलेले चौदा महिने मी माझ्याच हाताखाली तयार झालेल्या माणसाला रजेचे अर्ज देत होते. तो फार संकोचायचा. मी त्याला म्हणायची, सही नीट कर, गिचमिड नको.

जयक्काला सन्मानानं परत घेतलं, असं पत्रात होतं. सन्मान म्हणजे तिची खुर्ची होती तिथंच होती. ती माझ्याशी बोलायची, कामापुरतं. दुपारचा डबा मात्र तिनं आपल्या टेबलावरच उघडायला सुरुवात केली. मी माफी मागायला पुष्कळदा तिच्या विभागात गेले, कोणी ना कोणी बसलेलं असायचं, मी फिल्टरचं पाणी पिऊन परत यायची. चौदा महिन्यांत मी त्या फिल्टरचं बरंच पाणी प्यायले. शेवटी एकदा मी सगळ्यांसमोरच तिची माफी मागितली. ती म्हणाली, "सरी, सरी. लोक काम करताहेत."

माझा निवृत्तीचा दिवस आला. शाल, हार, भाषणं हे ताकीद मिळालेल्यांसाठी नसतं, असा नियम आहे की नाही हे मला माहीत नाही, पण कुणी काही ठरवलं नव्हतं. मी चारच्या सुमारास किल्ल्या जमा केल्या, पासवर्ड बंद करून घेतले आणि पिशवी उचलली. तेवढ्यात इंटरकॉम वाजला. परीक्षा विभागातून जयक्का.

"सुमा, प्रिंटर चालत नाही. येऊन बघ."

"आता माझं काम नाही ते," मी म्हटलं. "पाच मिनिटांपूर्वी संपलं."

"तरी ये."

मी गेले. प्रिंटर बरा होता. टेबलं भिंतीला लावून कागदाच्या ताटल्या मांडल्या होत्या, विभागातली सगळी माणसं उभी होती. नंजुंडय्या सरही आले होते आणि आपण का आलो हे स्वतःलाच न कळल्यासारखे खिडकीबाहेर बघत होते. कोणीतरी म्हणालं, अक्का, दोन शब्द बोला.

जयक्का भाषण करणाऱ्यातली नाही. तिनं हातातला डाव तसाच धरला आणि कन्नडात म्हणाली, "हिनंच मला अडकवलं. हिनंच मला सोडवलं. तीन दिवस लावले. मी चौदा महिने लावले. आता उप्पिट गार होतंय, खाऊन घ्या."

टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणाला कळेना. नंजुंडय्या सरांनी वाजवल्या. जयक्कानं माझ्या ताटलीत उप्पिट वाढलं, त्याच्या शेजारी केसरीबात, म्हणजे आपला केशरी शिरा, वाढला, मग माझ्याकडे न बघता आणखी एक डाव वाढला. आम्ही दोघी तिच्या टेबलाशी उभ्या राहून खाल्लं. केसरीबातात साखर जास्त झाली होती. मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, मग ठेव. मी ठेवला नाही.